शर्यतीच्या मोटारींतील हास्यवायु व त्याचीं मापें

प्रस्तुत लेखाचा विषय वाचकांस प्रथमदर्शनीं अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. सनदा, महजर, निवाडपत्रें व शकावल्या यांच्या पंक्तीस मोटारीच्या इंजिनांत सोडावयाच्या एका वायूच्या मापांची चर्चा कशासाठीं, असा प्रश्न कोणीहि विचारील. उत्तर इतकेंच कीं, ज्या विद्येचे मूळ कागद आपल्या डोळ्यांदेखत नाहींसे होत आहेत, तिचीं साधनें शंभर वर्षांनीं शोधीत बसण्यापेक्षां आज पाहून ठेवणें सोपें. आमचा मुद्दा एकच आहे. ड्रॅग रेसच्या मोटारीस नायट्रस ऑक्साइड लावण्यासंबंधीं परदेशीं छापलेलीं कोष्टकें कळव्यासारख्या ठिकाणीं जशींच्या तशीं लागू पडत नाहींत. तीं येथल्या उष्म्याप्रमाणें व घाटमाथ्याच्या उंचीप्रमाणें दुरुस्त करावीं लागतात; आणि ही दुरुस्ती ज्या वह्यांत व चिठ्ठ्यांत नोंदली जाते, तेंच या विद्येचें अस्सल साधन होय.

ड्रॅग रेस म्हणजे काय हें आधीं सांगितलें पाहिजे. सरळ व सपाट धावपट्टीवर दोन मोटारी शेजारीं शेजारीं उभ्या करतात. हिरवा दिवा लागतांच त्या सुटतात. आणि पाव मैल, म्हणजे १,३२० फूट अथवा सुमारें ४०२ मीटर, अंतर जी प्रथम तोडील ती जिंकते. वळण नाहीं, चढ नाहीं, डावपेंचहि फारसा नाहीं. सगळा खेळ दहापंधरा सेकंदांत आटोपतो. अमेरिकेंत वॅली पार्क्स यानें १९५१ सालीं नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापून या शर्यतींस नियमांची शिस्त लावली. एवढ्या अल्प वेळांत इंजिनाकडून त्याच्या ऐपतीपेक्षां अधिक काम करून घ्यावयाचें, तर त्याला अधिक पेट्रोल जाळतां आलें पाहिजे. आणि अधिक पेट्रोल जळावयास अधिक प्राणवायु पाहिजे. पेट्रोल वाढविणें अवघड नाहीं. अडतें तें प्राणवायूशीं.

येथें आपल्या वाचकांस परिचित असा एक दाखला घेतों. तोफेच्या दारूंत कोळसा व गंधक हें जळण आणि सोरा हा प्राणवायूचा सांठा. रूढ मानानें शंभर भागांत सोरा ७५, कोळसा १५ व गंधक १० असतो. सोऱ्याच्या पोटांत प्राणवायु बांधलेला असल्यामुळेंच तोफेच्या बंद नळींत, बाहेरच्या हवेची वाट न पाहतां, दारू पेट घेते. नायट्रस ऑक्साइडचें इंजिनांतील काम नेमकें सोऱ्याचें आहे, कोळशागंधकाचें नव्हे. हा वायु स्वतः जळत नाहीं. लोकांत तसा समज पुष्कळ आहे, परंतु तो चुकीचा आहे. इंजिनाच्या सिलिंडरांतील उष्णतेनें त्याचे नत्रवायु व प्राणवायु असे दोन भाग होतात. वजनानें त्यांत प्राणवायूचा अंश सुमारें ३६ टक्के. साध्या हवेंत तो सुमारें २३ टक्के. शिवाय तो दाबाखालीं द्रवरूपानें बाटलींत भरतां येतो, व उघड्यावर सुटतांच शून्याखालीं ८८ अंशांपर्यंत थंड होऊन आंत येणाऱ्या हवेसहि गार व घट्ट करतो. म्हणजे लाभ दुहेरी. सोऱ्याचें प्रमाण चुकल्यास तोफ फुटे. या वायूचें चुकल्यास पिस्टन वितळतो.

या वायूचा जन्म शर्यतीशीं संबंध नसलेल्या घरांत झाला. जोसेफ प्रीस्टली यानें तो १७७२ सालीं प्रथम सिद्ध केला. पुढें ब्रिस्टलजवळ क्लिफ्टन येथील वायुचिकित्सेच्या संस्थेंत हंफ्री डेव्ही या तरुण रसायनशास्त्रज्ञानें १७९९ सालीं तो स्वतः हुंगून पाहिला, मित्रांस हुंगविला, आणि १८०० सालीं त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. हास्यवायु हें नांव त्या प्रयोगांतून पडलें. शस्त्रक्रियेंत वेदना कमी करण्यास त्याचा उपयोग होईल, हें डेव्हीनें त्याच ग्रंथांत सुचविलें होतें. परंतु ती सूचना चव्वेचाळीस वर्षें तशीच पडून राहिली. डिसेंबर १८४४ मध्यें हार्टफर्ड येथील दंतवैद्य होरेस वेल्स यानें स्वतःचा दांत या वायूच्या गुंगींत काढवून घेतला, तेव्हां तिला प्रत्यक्ष रूप आलें. डेव्हीच्या हातच्या सत्तरांहून अधिक टिपणवह्या आज उपलब्ध असून त्यांतील बहुतेक लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें आहेत. अलीकडे हजारों स्वयंसेवकांच्या साहाय्यानें त्या अक्षरशः उतरून काढण्याचें काम झालें. छापील ग्रंथ हातीं असतांहि टिपणवहीची गरज कां पडते, हें आपल्या वाचकांस सांगावयास नको.

दंतवैद्याच्या खोलींतून हा वायु इंजिनाकडे वळला तो विसाव्या शतकांत. रॉबर्ट गॉडर्ड या अमेरिकन संशोधकानें १९१४ सालीं घेतलेल्या अग्निबाणाच्या पेटंटांत पेट्रोल व द्रवरूप नायट्रस ऑक्साइड या जोडीचा उल्लेख आहे. प्रत्यक्ष उपयोग मात्र दुसऱ्या महायुद्धांत झाला. विमान जसजसें उंच जातें तसतशी हवा विरळ होते व इंजिनाचा जोर ओसरतो. त्यावर जर्मनांनीं जी. एम. १ या संकेतनामाची योजना काढली व मेसरश्मिट १०९ च्या कांहीं प्रकारांवर बसविली. इंग्रजांनींहि मॉस्किटो जातीच्या रात्रींच्या लढाऊ विमानांत हाच वायु वापरला. ही उंचीची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें खंडाळ्याच्या घाटांत ती आपल्या कामास येणार आहे.

युद्ध संपल्यावर ही विद्या अमेरिकेंतील मोटारवाल्यांच्या हातीं गेली आणि प्रथमपासूनच तिला लपवाछपवीची संवय लागली. १९७६ सालच्या डेटोना ५०० या प्रसिद्ध शर्यतीच्या पात्रताफेरींत ए. जे. फॉइट व डॅरेल वॉल्ट्रिप या नामांकित चालकांच्या वेळा अधिकाऱ्यांनीं रद्द केल्या, त्या याच वायूच्या कारणावरून. १९७८ सालीं माइक थर्मोस व डेल वॅझनेअन यांनीं कॅलिफोर्नियांत नायट्रस ऑक्साइड सिस्टिम्स ही कंपनी काढून बाटली, नळ्या, विजेवर उघडणाऱ्या झडपा व जेट यांचा जुळा संच बाजारांत आणला, तेव्हां ही विद्या उघडपणें विकली जाऊं लागली. संचाबरोबर कोष्टक येई. अमुक अश्वशक्ति वाढवावयाची तर वायूचा जेट इतका, पेट्रोलचा इतका, आणि बाटलींतील दाब इतका. आज आपल्याकडील कारागिराच्या हातीं पडतें तें याच कुळांतील कोष्टक होय.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. मोटारींच्या चढाओढीचा शोक येथें नवा नाहीं. १९०४ च्या डिसेंबरअखेर दिल्लीहून मुंबईस मोटारींची सहनशक्ति पाहणारी मोठी दौड निघाली होती. १९१९ सालीं मुंबईंत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली. आणि स्वातंत्र्यानंतर जुहूच्या विमानतळावर मोटारींच्या शर्यती होऊं लागल्या. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं काढलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सचा कुर्ल्याचा कारखाना व पुढें त्याच कंपनीचा कल्याण-डोंबिवलीकडील कारखाना यांमुळें या पट्ट्यांत इंजिन उघडून बांधणाऱ्या हातांची वाण कधींच पडली नाहीं. याच कल्याणच्या कारखान्यांत १९९४ नंतर कांहीं वर्षें प्यूजो ३०९ ही फ्रेंच मोटार तयार होत असे.

कळवा हें गांव या पट्ट्याच्या मधोमध, ठाण्याच्या खाडीच्या पूर्वतीरावर, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशीं आहे. १८५४ सालीं आगगाडी ठाण्याहून खाडी ओलांडून कल्याणास गेली ती येथूनच. पारसिकचा लांब बोगदा १९१६ सालचा. जुना मुंबई-पुणें रस्ता ठाणें सोडल्यावर कळवा, मुंब्रा व शीळफाटा असा पनवेलकडे जातो आणि पुढें माल्कमसाहेबानें १८३० सालीं उघडलेल्या बोरघाटानें लोणावळ्यास चढतो. लोणावळ्यापलीकडे अँबी व्हॅलीची खासगी धावपट्टी आहे, व २०१० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रांतील गाजलेल्या ड्रॅग रेस तिच्यावरच झाल्या. तेव्हां खाडीकांठीं जुळविलेली मोटार घाट चढून शर्यतीस जाते, हा या भागांतील कारागिराच्या कामाचा स्वाभाविक क्रम होय. दुसरा एक योग असा कीं, ज्या वायूची आम्ही चर्चा करीत आहों तो कळव्यास अपरिचित नाहीं. ठाणें महानगरपालिकेचें छत्रपति शिवाजी महाराज रुग्णालय व राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय याच गांवीं आहेत, आणि भूल देण्याच्या कामीं हाच वायु निळ्या रंगाच्या बाटल्यांतून वापरतात. दोहोंत फरक इतकाच कीं, अमेरिकेंत मोटारीसाठीं विकल्या जाणाऱ्या वायूंत कोणीं तो हुंगूं नये म्हणून थोडासा गंधकाम्लवायु, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, मुद्दाम मिसळलेला असतो.

मापांची रीत आतां पाहूं. जेट म्हणजे मध्यें बारीक छिद्र असलेला पितळेचा तुकडा. त्यावरील अंक छिद्राचा व्यास इंचाच्या हजारांश भागांत सांगतो. ५२ चा जेट म्हणजे ०·०५२ इंच. नवशिक्या येथेंच फसतो. ५२ काढून ५७ बसविला तर पांचाची वाढ झाली असें त्यास वाटतें; परंतु छिद्राचें क्षेत्र व्यासाच्या वर्गाप्रमाणें वाढत असल्यामुळें वायु वास्तविक सुमारें २० टक्के अधिक जातो. त्याच मानानें पेट्रोलचा जेट वाढविला नाहीं, तर मिश्रणांत जळण कमी पडतें. रसायनाच्या हिशेबानें एक भाग पेट्रोल पुरतें जाळण्यास वजनानें सुमारें साडेनऊ भाग नायट्रस ऑक्साइड लागतो. साध्या हवेचे लागतात सुमारें पावणेपंधरा. कुशल कारागीर या हिशेबापेक्षां पेट्रोल नेहमीं कांहींसें अधिकच ठेवतो. जळण जास्त झालें तर धूर होतो व वेळ वाया जातो. जळण कमी झालें तर उरलेला प्राणवायु पिस्टनचेंच ॲल्युमिनियम खाऊं लागतो, आणि हें सर्व दोन सेकंदांत घडतें.

परदेशी कोष्टक मोठ्या इंजिनाच्या हिशेबानें रचलेलें असतें. पांच-सहा हजार घनसेंटिमीटरच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनावर शंभर अश्वशक्तीची भर ही माफक गोष्ट समजतात. आपल्याकडील प्रीमिअर पद्मिनी हिशेबास घेऊं. तिचें इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचें व जोर चाळीसएक अश्वशक्तीचा. तिच्यावर पंचवीस अश्वशक्तीची भर घातली तरी ती मूळच्या साठ टक्क्यांहून अधिक होते, आणि तेवढ्यासाठीं लागणारा जेट इतका सूक्ष्म कीं नळींतील गंजाचा एक कण त्याला बुजवावयास पुरे. वायूचा जेट बुजला तर शर्यत जाते. पेट्रोलचा बुजला तर इंजिन जातें. खाडीकांठच्या खाऱ्या हवेंत गंज कसा धरतो हें कळव्याच्या रहिवाशास ठाऊकच आहे. म्हणून चाळणी कोठें बसविली व ती केव्हां साफ केली, ही नोंद क्षुल्लक समजूं नये.

खरी अडचण बाटलींतील दाबाची आहे, व तिच्यावर आम्ही थोडें अधिक थांबणार आहों. बाटलींत द्रव व त्यावर त्याची वाफ असेपर्यंत दाब केवळ उष्णतामानावर अवलंबून असतो. बाटली पाऊण भरलेली आहे कीं पाव, याचा त्याशीं संबंध नाहीं. वीस अंशांस तो चौरस इंचास सुमारें ७३० पौंड, तीस अंशांस सुमारें ९१५, पस्तीस अंशांस हजारावर. कोष्टकें सामान्यतः नऊशें ते हजार पौंड दाब गृहीत धरतात. थंड देशांत एवढा दाब आपोआप मिळत नाहीं, म्हणून तेथें बाटलीस विजेची दुलई गुंडाळून तिला ऊब देतात. कळव्यास पौष-माघाची पहांट सोडली तर ऊब द्यावयाची गरजच नाहीं. येथला प्रश्न उलटा आहे. ३६·४ अंश ही या वायूची सीमा होय. तिच्यावर कितीहि दाब दिला तरी तो द्रवरूपानें राहत नाहीं. चैत्र-वैशाखांत उन्हांत उभ्या असलेल्या मोटारीच्या डिकींतली उष्णता ही सीमा केव्हांच ओलांडते.

दाब वाढला म्हणजे वायु अधिक जाईल, हा तर्क अर्धाच खरा आहे. दाबाबरोबर द्रव फुगून विरळहि होतो. एका लिटरांत वीस अंशांस सुमारें ७८५ ग्रॅम द्रव मावतो, पस्तीस अंशांस सहाशेंहून कमी. एकीकडे जोर वाढतो, दुसरीकडे ऐवज कमी होतो. थंड बाटलींत वायु कमी पडून पेट्रोल वरचढ होतें. दाब वाढत गेला म्हणजे कांहीं मर्यादेपर्यंत वायु वरचढ होतो. सीमेजवळ पोंचल्यावर विरळपणा जिंकतो व कांटा चढलेला असूनहि मोटारीचा जोर पडतो. कांटा अकराशें दाखवितो म्हणून आनंदलेला चालक शर्यत हरतो तो यामुळें. शिवाय बाटली पुरी भरलेली असली तर धोका निराळाच. अमेरिकन भरणीचें मान एका लिटर जागेस सुमारें ६८० ग्रॅम आहे. एवढा द्रव तीस अंशांच्या थोडें वर फुगून सगळी बाटली व्यापतो, वाफेस जागा उरत नाहीं, आणि तेथून पुढें प्रत्येक अंशागणिक दाब झपाट्यानें चढतो. अशा प्रसंगासाठींच झडपेंत फुटणारी चकती ठेवलेली असते. ती बदलून जागीं साधी चकती ठोकणें म्हणजे आत्मघात होय. या वायूच्या अंगीं आपोआप फुटून उष्णता सोडण्याचा गुण आहे हें विसरूं नये. २००७ सालीं कॅलिफोर्नियांतील मोजावी येथें अग्निबाणासाठीं त्याची नुसती प्रवाहचांचणी चालली असतां स्फोट होऊन तीन माणसें दगावलीं.

म्हणून येथील शहाणा कारागीर बाटलीला ओलें गोणपाट गुंडाळतो, ती सावलींत ठेवतो व दुपार टळल्यावर चांचणी घेतो. परदेशी पुस्तकांत गोणपाटाचा उल्लेख सांपडणार नाहीं.

आतां घाट चढूं. लोणावळ्याची उंची सुमारें ६२० मीटर. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या मानानें सातएक टक्के कमी असतो, व तेवढ्या मानानें इंजिनाचा स्वतःचा जोर उतरतो. कार्ब्युरेटर कळव्यास जुळविलेला असेल तर तेथें तो हवेच्या मानानें अधिक पेट्रोल ओतूं लागतो. बाटलींतल्या वायूस मात्र उंचीचें कांहीं वाटत नाहीं. तो कळव्यास जितका देत होता तितकाच प्राणवायु माथ्यावरहि देतो, म्हणून एकंदरींत त्याचा वांटा वाढतो. जर्मन वैमानिकांनीं ज्या गुणासाठीं त्यास विमानांत नेलें तोच हा गुण, लहान मानानें. पण घाटावरची सकाळ गार असते. खाडीकांठीं ९५० दाखविणारा कांटा माथ्यावर ८०० वर येतो आणि जुळणी पुन्हां बिघडते. कळव्याचें टिपण अँबी व्हॅलीस चालत नाहीं व अँबी व्हॅलीचें कळव्यास चालत नाहीं. यास्तव ज्या नोंदींत स्थळ, वेळ व उष्णतामान नाहीं ती नोंद मिती नसलेल्या पत्रासारखी समजावी. खरी असली तरी लावतां येत नाहीं.

ठिणगीच्या वेळेविषयीं थोडक्यांत. नायट्रस ऑक्साइडाच्या संगतीनें मिश्रण नेहमींपेक्षां वेगानें जळतें, म्हणून ठिणगी कांहींशी उशीरां पाडावी लागते. प्रत्येक पन्नास अश्वशक्तीच्या भरीस सुमारें दोन अंश मागें, असा अमेरिकन कारागिरांचा ठोकताळा आहे. लहान इंजिनास तो कमी पडतो असें आमचें मत आहे, कारण तेथें भरीचें मूळ जोराशीं प्रमाण मोठें असतें. वायु केव्हां सोडावा यासहि नियम आहे. पॅडल पुरतें दाबलेलें असल्याशिवाय व इंजिन मिनिटास तीनएक हजार फेऱ्यांवर गेल्याशिवाय झडप उघडूं नये. त्याआधीं उघडल्यास मिश्रण आंत येणाऱ्या नळ्यांतच सांठून भडका उडतो.

या सर्व जुळणीचा निकाल कारागीर वाचतो तो स्पार्क प्लगवर, आणि हें वाचन आम्हांस मोठें मनोरंजक वाटलें. मोटार पट्टीच्या शेवटाशीं पोंचतांच इंजिन तत्काळ बंद करून प्लग काढतात. त्याच्या वळलेल्या तारेवर जेथें रंग पालटतो ती रेघ ठिणगीची वेळ सांगते. पांढऱ्या चिनीमातीवर मिरीपुडीसारखे काळे ठिपके असले तर मिश्रण अवेळीं भडकलें. चकाकणारे रुपेरी कण असले तर तो पिस्टनचा अंश होय व काम तेथेंच थांबविलें पाहिजे. मोडी अक्षराच्या वळणावरून लेखक ओळखणाऱ्या आपल्या जुन्या जाणत्यांस ही विद्या परकी वाटूं नये. असे प्लग सिलिंडरांच्या अनुक्रमानें, दिनांकाची चिठ्ठी लावून, पेटींत जपून ठेवलेले मिळाले तर ते नाण्यांच्या संग्रहाइतक्याच काळजीनें घ्यावेत. अनुक्रम मोडला कीं त्यांचा अर्धा अर्थ जातो.

कागदी साधनें तीन प्रकारचीं. कारागिराची खिशांतील वही, डायनो नांवाच्या यंत्रावर चाकें फिरवून जोर मोजल्याचा आलेख, आणि शर्यतीनंतर हातीं पडणारी वेळेची चिठ्ठी. तिघांची विश्वसनीयता सारखी नाहीं. आलेखावरील अश्वशक्तीचा आंकडा आम्ही बखरींतील सैन्यसंख्येप्रमाणें सावधपणें घेतों. तो चाकांपाशीं मोजलेला कीं इंजिनापाशीं धरलेला हें पुष्कळदां लिहिलेलें नसतें, हवेच्या दुरुस्तीचा गुणक कोणता लावला तेंहि नसतें, आणि गिऱ्हाइकास खूष करण्याचा मोह कारागिरास असतो. चिठ्ठी मात्र सहसा खोटें बोलत नाहीं. तिच्यावर सुटण्यास लागलेला वेळ, पहिले ६० फूट, पुढें ३३० फूट, मैलाचा अष्टमांश, हजार फूट व पाव मैल यांच्या वेळा आणि शेवटचा वेग छापलेला असतो. मोटारीचें वजन ठाऊक असेल तर शेवटच्या वेगावरून जोर काढतां येतो. ताशीं मैलांतील वेगास २३४ नें भागून येणाऱ्या संख्येचा घन करावा व त्यास पौंडांतील वजनानें गुणावें. २,४०० पौंडांची मोटार शेवटास ताशीं ९० मैलांवर असेल तर जोर सुमारें १३७ अश्वशक्ति. त्याच मोटारीच्या आलेखावर २०० लिहिलें असेल तर तो आलेख बाजूला ठेवावा. तसेंच एकाच दिवसाच्या दोन चिठ्ठ्यांत पहिले ६० फूट सारखे व शेवटचा वेग निराळा असेल, तर दुसऱ्या वेळीं वायु सुटल्यानंतर उघडला असें अनुमान निघतें, मालक तें कबूल करो अगर न करो.

कबूल न करण्याचें कारण उघड आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम उत्पादकानें ठरविलेल्या रचनेंत मालकास मनमानी फेरफार करूं देत नाहीं. दाबाच्या बाटल्यांस २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागू आहेत व त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय खात्याचें मुख्य ठाणें आपल्या नागपुरासच आहे. सार्वजनिक रस्त्यावर हा खेळ करणारे लोक स्वतःबरोबर परक्यांचेहि जीव धोक्यांत घालतात. त्यांची तरफदारी आम्ही करीत नाहीं. परंतु भीतीचा परिणाम साधनांवर होतो तो असा कीं, बंद धावपट्टीवर नियमानें धांवलेल्या मोटारीच्या वह्याहि मालक मोटार विकतांना फाडून टाकतो. राजवाड्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला तो वाईस सांपडलेल्या कागदांवरून. ते कागद कोणीं तरी फाडले नव्हते म्हणूनच निघाला.

वेळेच्या चिठ्ठीस आणखी एक शत्रु आहे. ती बहुधा उष्णतेनें काळ्या होणाऱ्या कागदावर छापलेली असते. शाई मुळींच नसते. ऊन, दमट हवा व मऊ प्लॅस्टिकची पिशवी यांच्या संगतींत ती थोड्याच वर्षांत कोरी होते, आणि जपण्याच्या हेतूनें कोणीं तिला गरम लॅमिनेशन केलें तर ती क्षणांत सबंध काळी पडते. कळव्याच्या चार पावसाळ्यांनंतर काय उरेल याचा अंदाज वाचकांनींच करावा. ज्यांच्या हातीं अशी चिठ्ठी येईल त्यांनीं प्रथम सर्व आंकडे शाईनें उतरून घ्यावेत, मग छायाचित्र घ्यावें, आणि मूळ चिठ्ठी साध्या कागदाच्या घडींत, अंधारांत ठेवावी. वही मिळाल्यास पानें सुटीं करूं नयेत. तेलाचे डाग पुसूं नयेत. जेटचे अंक, बाटलीचा दाब, स्थळ, वेळ व उष्णतामान हीं पांच मापें ज्या पानावर एकत्र सांपडतील त्या पानाची नक्कल आधीं करावी. बाटलीच्या मानेवर रिकामें वजन, चांचणीचा दिनांक व चांचणीचा दाब ठोकलेला असतो. त्याचा ठसा शिलालेखाचा घेतात तसा कागद दाबून घेतां येतो. मात्र त्यापूर्वीं बाटली रिकामी आहे याची खात्री करावी, व ती उन्हांतून नुकतीच आलेली असल्यास तास दोन तास सावलींत पडूं द्यावी.